फोन उपडा ठेवून भागत नाही

जेवताना फोन बघू नये, हे सगळ्यांना पटतं. पण का, असं विचारलं तर ‘वाईट सवय’ याच्यापुढे उत्तर जात नाही. खरं कारण पोटाइतकंच आठवणीत आहे.

स्मृती जवळपास पूर्ण गेलेल्या दोन रुग्णांवरचा एक अभ्यास मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. जेवण होऊन १० ते ३० मिनिटं झाली, की या रुग्णांपुढे पुन्हा जेवण ठेवलं जाई आणि ते पुन्हा जेवत. तिसऱ्यांदा वाढलं तरी बहुधा सुरुवात करत. पोट भरलेलं होतं, पण जेवल्याचं आठवत नव्हतं.

जठर ताणल्याचा निरोप व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातो आणि आतड्यातून तृप्तीची संप्रेरकं सुटतात. हे सगळं व्हायला वेळ लागतो. शिवाय पुढची भूक ठरवताना मेंदू आणखी एक हिशेब धरतो: आपण मघाशी काय आणि किती खाल्लं? लक्ष स्क्रीनवर असेल तर हाच हिशेब कच्चा राहतो.

ब्रिस्टल विद्यापीठात २०११ मध्ये हे तपासलं गेलं. ४४ जणांना नऊ पदार्थांचं सारखंच जेवण दिलं. त्यांतले निम्मे जेवताना संगणकावर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. अर्ध्या तासाने बिस्किटं पुढे केली, तेव्हा खेळत जेवलेल्यांनी जवळपास दुप्पट खाल्ली. आपण कोणता पदार्थ कितव्या क्रमाने खाल्ला, हेही त्यांना इतरांइतकं नीट सांगता आलं नाही. अशा २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये आला. लक्ष विचलित असताना माणूस जेवतानाच थोडं जास्त खातो, पण नंतरच्या खाण्यावरचा परिणाम त्याहून मोठा असतो, असं त्यात दिसलं. यातले बरेच प्रयोग टीव्ही किंवा संगणकावरचे आहेत. पण फोन लक्ष पळवण्यात त्यांच्यापेक्षा मागे नाही.

चवीचंही तेच. लायडन विद्यापीठातल्या २०१३ च्या प्रयोगांत सात आकडी संख्या डोक्यात धरून खाणाऱ्यांना गोड, आंबट, खारट सगळंच सौम्य लागलं.

आता करायचं काय? फोन टेबलावर उपडा ठेवणं हा सगळ्यात फसवा उपाय. सूचना न वाचता नुसती ऐकली किंवा थरथर जाणवली तरी कामातल्या चुका वाढतात, हे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने २०१५ मध्ये दाखवलं. शिवाय लाकडी टेबलावर व्हायब्रेशनचा घर्रर्र आवाज रिंगटोनपेक्षा कमी नसतो. म्हणून ताट वाढून घेण्याआधीच फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ताट समोर आल्यावर ‘एवढा एक मेसेज बघतो’ सुरू होतं आणि मग उठवत नाही.

तातडीचा फोन चुकेल ही भीती बहुतेकांना आडवी येते. त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करून घरच्या दोन-तीन नंबरांना सवलत द्या, आणि रिंग दुसऱ्या खोलीतून ऐकू येईल एवढी मोठी ठेवा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलची सोयही चालू ठेवा: आयफोनमध्ये तीन मिनिटांत, तर अँड्रॉइडमध्ये साधारणपणे १५ मिनिटांत त्याच नंबरावरून दुसरा कॉल आला तर रिंग वाजते. वेळ बघायला म्हणून फोन जवळ लागत असेल तर भिंतीवर घड्याळ लावा. स्मार्टवॉच मात्र काढूनच ठेवा, नाहीतर खोलीबाहेर ठेवलेला फोन मनगटावर थरथरत बसतो.

एकट्याने जेवणाऱ्याला पहिले काही दिवस फार कंटाळवाणे जातात, हे गृहीतच धरा. फोनऐवजी पुस्तक उघडलं तर लक्ष पुन्हा दुसरीकडेच. त्यापेक्षा दिवसातलं एकच जेवण निवडा आणि निम्मं संपल्यावर हातातला घास खाली ठेवून मिनिटभर थांबा. घासाचा वास, पोत, चव याकडे लक्ष द्या. असं लक्ष देऊन जेवलेल्यांनी नंतर बिस्किटं कमी खाल्ली, हेही प्रयोगात दिसलेलं आहे.

व्हिडिओ लावून भरवलेल्या मुलाची स्क्रीन एका दिवसात बंद केली तर आरडाओरडा ठरलेला. आधी जेवणाची पहिली पाच मिनिटं स्क्रीनशिवाय, मग दहा, असं वाढवत न्या. या काळात मूल थोडं कमी जेवलं तर लगेच फोन पुढे करू नका. आजवर ते भुकेने जेवत होतं की नुसतं तोंड उघडत होतं, हे आता कुठे कळायला लागतं. वजन नीट वाढत नसेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि मोठ्यांचे फोन त्याच टेबलावर असतील तर यातलं काहीही चालत नाही.