ल्यूपस

शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार केल्यामुळे होणारा दीर्घकालीन विकार. नुसते ‘ल्यूपस’ म्हटले की बहुधा अनेक अवयवांना ग्रासणारा प्रकार (एसएलई) अभिप्रेत असतो. केवळ त्वचेपुरता राहणारा, औषधजन्य व नवजात अर्भकातील हे अन्य प्रकार होत. ‘ल्यूपस व्हल्गॅरिस’ हा मात्र त्वचेचा क्षयरोग आहे. नामसाम्यापलीकडे त्याचा येथे संबंध नाही.

लॅटिनमध्ये ल्यूपस म्हणजे लांडगा. लचका तोडल्यासारख्या दिसणाऱ्या व्रणांवरून हे नाव पडले, असे बहुतेक ग्रंथ सांगतात. रोगवाचक अर्थाने ते प्रथम कोणी वापरले याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या, संत मार्टिन यांच्या चमत्कारांच्या कथनाकडे बोट दाखवतात. काही जण हा मान इटलीतील सालेर्नोच्या वैद्यक परंपरेतील शल्यवैद्य रॉजेरिअस (बारावे शतक किंवा थोडे नंतर) यांना देतात. त्या काळी ल्यूपस या एका शब्दाखाली क्षय, कर्करोग असे अनेक विकार मोडत असावेत. त्यामुळे आजच्या रोगाचा इतिहास एकोणिसाव्या शतकापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पॅरिसमधील त्वचारोगतज्ज्ञ बिएत यांनी केलेले वर्णन त्यांचे शिष्य काझनाव्ह यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे १८५१ च्या सुमारास ‘रक्तिम ल्यूपस’ या अर्थाचे फ्रेंच नाव रूढ केले. गालांवरच्या पुरळाला दिलेली फुलपाखराची उपमा व्हिएन्नाच्या हेब्रा यांची. हा रोग त्वचेपलीकडे आतल्या अवयवांपर्यंतही पोचतो, हे कापोशी यांनी १८७२ मध्ये दाखवले.

१९४८ मध्ये हारग्रेव्ह्ज व सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेत ‘एलई (ल्यूपस एरिथेमॅटोसस) पेशी’ पाहिली: दुसऱ्या पेशीचे केंद्रकद्रव्य गिळून बसलेली आणि स्वतःचे केंद्रक कडेला ढकलले गेलेली पांढरी पेशी. ही तपासणी आता मागे पडली असली, तरी केंद्रकविरोधी प्रतिपिंडांचा (एएनए) शोध याच वाटेने लागला. मृत पेशींचा निचरा वेळेवर न झाल्याने त्यांचे केंद्रकद्रव्य उघडे पडते, त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात आणि त्यांची संयुगे वृक्कासारख्या (मूत्रपिंडासारख्या) अवयवांत साचून दाह होतो, अशी सध्याची मांडणी आहे. मृत पेशींच्या निचऱ्यास हातभार लावणाऱ्या ‘सी१क्यू’ या रक्तातील प्रथिनाच्या जन्मजात अभावात ल्यूपस फार मोठ्या प्रमाणात आढळतो, हा तिला मिळालेला भक्कम आधार होय. रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात; त्याचा उलगडा अद्याप पूर्ण झालेला नाही.

गालांवरचा लाल पट्टा नाकाच्या कण्यावरून पलीकडे जातो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बहुधा मोकळी सोडतो. निदानात हा तपशील उपयोगी पडतो. थकवा, ताप, सांधेदुखी, तोंडातील व्रण ही इतर लक्षणे. वृक्काचा दाह मात्र पुष्कळदा मुकाट असतो. फेसाळ लघवी किंवा वाढलेला रक्तदाब हीच त्याची खूण. एएनए चाचणी निरोगी माणसांतही सकारात्मक येते, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करू नये. युरोप व अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ठरवलेले २०१९ चे निकष प्रत्यक्षात संशोधनातील वर्गीकरणासाठी आहेत, हे पुष्कळदा विसरले जाते.

रोग समूळ बरा होत नाही. उतार आणि उसळी आलटून पालटून येतात. मूळचे हिवतापावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हा उपचाराचा पाया असून बरे वाटू लागल्यावरही ते चालू ठेवतात. मात्रा सहसा दर किलो वजनामागे रोज ५ मिग्रॅ.पर्यंत ठेवतात, आणि दृष्टिपटलाला इजा होण्याची शक्यता असल्याने डोळ्यांची नियमित तपासणी करतात. स्टेरॉइड शक्य तितके कमी, पण एकाएकी कधीच बंद करीत नाहीत. उन्हाने रोग उसळतो. काचेतून येणारे जंबुपार-अ (अल्ट्राव्हायोलेट-ए) किरणही त्यात आलेच. धूम्रपान टाळावे लागते. गर्भधारणा निषिद्ध नाही. रोग निदान सहा महिने शांत असताना ती ठरवणे श्रेयस्कर. आईच्या रक्तात ‘रो’ या पेशीतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असल्यास गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. अर्भकाच्या अंगावरील पुरळ काही महिन्यांत मावळते. हृदयातील पूर्ण संवहनरोध (ठोक्यांचे विद्युत्-संकेत पुढे न जाणे) झाल्यास मात्र तो कायम राहतो.