जलपर्णीचा कॉलम: पाणी सोडण्याआधी पीएच बघा

(नागपूरजवळच्या हिंगणा व बुटीबोरीतील प्लेटिंगवाल्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या, ग्राहकांसाठी)

आमचा कॉलम म्हणजे वाळवलेल्या जलपर्णीचा चुरा भरलेली नळी. सांडपाणी त्यातून गेलं की त्यातला धातू चुऱ्याला चिकटून राहतो. "कॉलममधून निकेल जसंच्या तसं बाहेर येतंय, माल बदलून द्या," असे फोन आम्हाला सारखे येतात. जाऊन बघावं तर बहुतेक ठिकाणी माल ठणठणीत असतो. पिकलिंगच्या (धातू आम्लात बुडवून गंज काढण्याच्या) टाकीतलं आम्लाचं पाणी रिन्सच्या (वस्तू धुण्याच्या) पाण्यात मिसळून थेट कॉलममध्ये गेलेलं असतं.

वाळवलेल्या जलपर्णीच्या, विशेषतः तिच्या मुळांच्या, तंतूंवर कार्बॉक्सिल गट, म्हणजे धातू धरणाऱ्या ऋणभारित जागा, असतात. निकेल, जस्त, तांबं, शिसं यांचे धनभारित आयन तिथे चिकटतात. पाण्यात आम्ल वाढलं की हायड्रोजनचे आयन त्या जागा बळकावतात आणि धातू सुटतो. भरलेला कॉलम आम्ही पातळ आम्लाने धुतो तो याच कारणाने. तेव्हा पीएच 2 चं, म्हणजे कडक आम्लाचं, पाणी सोडलंत तर नवा धातू धरला जात नाहीच, आधी जमलेलाही एकदम बाहेर पडतो. बाहेर सोडायच्या पाण्यात निकेलची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम आहे. तपासणीचा नमुना त्याच दिवशी घेतला गेला तर काय होईल ते तुम्हीच ओळखा.

म्हणून साठवण टाकीतच पीएच 5 ते 6 वर आणा. कॉस्टिक सोडा थोडा थोडा घाला, नीट ढवळा, जरा थांबून पीएच दाखवणारी रंगपट्टी पुन्हा बुडवा. घाईघाईत 9 वर नेलंत तर हायड्रॉक्साइडचा हिरवट गाळ थरावर बसतो आणि कॉलम तुंबतो. दमट जागी उघडी पडलेली पट्टी खोटा रंग दाखवते, ती फेकून द्या. नवी डबी आमच्याकडून फुकट घेऊन जा.

हेक्साव्हॅलंट क्रोमची (क्रोम प्लेटिंगच्या पाण्यातल्या क्रोमियमची) लाइन वेगळीच ठेवा. ते ऋणभारित असल्याने या पीएचला नीट धरलं जात नाही. सायनाइड बाथचं पाणी तर या लाइनला जोडूच नका. आम्लाशी गाठ पडली की जीवघेणा वायू सुटतो.

"अंबाझरी तलावात फुकट वाढणाऱ्या झाडाचे पैसे कसले?" असंही विचारतात. ताज्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ट्रॉलीभर माल वाळवला की थोडीच पोती भरतात. पुढे चिखल काढणं, आम्लाने धुणं, दळणं, चाळणं. तळ्यातूनच आलेला धातू आधी काढला नाही तर तो तुमच्याच पाण्यात उतरेल.

वापरून संपलेला भरणा जाळू नका, उकिरड्यावरही टाकू नका. तो घातक कचऱ्यात मोडतो. बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडे पाठवा.

पिकलिंगचं पाणी वेगळं काढायला पाइप आणि व्हॉल्व्ह आम्ही बसवून देतो. येताना रिन्सच्या पाण्याची एक बाटली आणा, पीएच तपासूनच कॉलमचा आकार सांगू.