हरलेल्या रातकिड्याला पुन्हा लढायला लावणारा रेणू

दम संपला की उमेद संपली, हा फरक माणसाच्या बाबतीत आपण सहज करतो. कीटकांच्या बाबतीत तो करणे फार अवघड आहे. त्यांच्या शरीरात स्नायूंना जोर देणारा आणि ‘ऊठ, हल, लढ’ असे सांगणारा रेणू बऱ्याच अंशी एकच आहे. त्याचे नाव ऑक्टोपामिन. त्याची ही दोन कामे जोडून पाहायला विज्ञानाला काही दशके लागली.

१९५०च्या सुमारास इटालियन संशोधक व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना तो ऑक्टोपसच्या लाळग्रंथींत सापडला. रासायनिक रचनेत तो ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या आपल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा सख्खा भाऊ शोभावा असा, पण सस्तन प्राण्यांत अगदी नाममात्र आढळणारा. त्यामुळे सुरुवातीला त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

चित्र पालटले ते टोळांमुळे. १९७०च्या दशकात अमेरिकेत काम करणारे ग्रॅहम हॉइल यांनी टोळाच्या छातीतल्या चेतागुच्छिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, अगदी मध्यरेषेवर बसलेल्या काही विचित्र चेतापेशी वर्णिल्या. कीटकांच्या चेतापेशी सहसा डाव्या-उजव्या जोडीने असतात. या मात्र एकट्या, आणि त्यांच्या शाखा दोन्ही बाजूंच्या स्नायूंकडे जाणाऱ्या. १९७७ मध्ये पीटर इव्हान्स आणि मायकल ओशे यांनी दाखवले की मागच्या पायाच्या, म्हणजे उडीच्या स्नायूकडे जाणारी अशी पेशी ऑक्टोपामिन सोडते. ती स्वतः स्नायू आकुंचित करत नाही. दुसऱ्या चेतापेशीने दिलेला झटका अधिक जोरकस करते आणि स्नायू पटकन सैल पडेल असे पाहते. पुढच्या झटक्यासाठी स्नायू लगेच तयार!

उड्डाणाची पहिली काही मिनिटे टोळाच्या रक्तातले ऑक्टोपामिन वाढते आणि इंधन मोकळे व्हायला मदत होते, हेही त्याच सुमारास कळले. २०२०च्या मे महिन्यात विदर्भात उतरलेल्या टोळधाडी ज्यांनी पाहिल्या, त्यांना या उड्डाणामागे केवढी ऊर्जा लागत असेल याची कल्पना असेल.

इथवर ही गोष्ट स्नायूंची होती. १९८४ मध्ये सोंबाती आणि हॉइल यांनी टोळाच्या चेतागुच्छिकेत नेमक्या जागी ऑक्टोपामिनचा सूक्ष्म थेंब सोडला आणि टोळ उडण्याची हालचाल करू लागला. जागा थोडी बदलली, तर पाय टाकू लागला. म्हणजे हा रेणू कृती सुरू करण्याचा हुकूमही देत होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले खरे वळण हेच.

मग १९९३ मध्ये बर्लिनच्या मार्टिन हॅमर यांनी मधमाशीच्या मेंदूतली ऑक्टोपामिन सोडणारी अशीच एक चेतापेशी वीजप्रवाहाने चेतवली. आधी वास दिला होता, साखर दिलीच नव्हती. तरी पुढे त्या वासाला मधमाशी, साखर मिळणार असल्यासारखी, सोंड बाहेर काढू लागली. एकटी पेशी बक्षिसाची जागा घेत होती. अर्थात बक्षिसाचे काम फक्त ऑक्टोपामिनचे नाही. पुढे फळमाश्यांमध्ये डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहक रेणूचाही त्यात मोठा वाटा असल्याचे स्पष्ट झाले.

मला स्वतःला सर्वांत भावते ते रातकिड्यांवरचे काम. दोन नर समोरासमोर आले की आधी मिशांनी एकमेकांना चाचपतात, मग जबडे फाकवतात, शेवटी जबड्यात जबडा अडकवून झोंबतात. जिंकलेला गाऊ लागतो. हरलेला मात्र पुढचे काही तास कोणाच्याही वाटेला जात नाही. चीनमध्ये रातकिड्यांच्या झुंजी शतकानुशतके लावल्या जातात. तिथले जाणकार हरलेल्या किड्याला हातात हलवून हवेत उडवत, म्हणजे तो पुन्हा लढायला तयार होई. २००० साली जर्मनीतल्या लायप्झिगमध्ये होफमान आणि स्टीव्हन्सन यांनी हे प्रयोगाने तपासले. हरलेल्या रातकिड्याला वाऱ्याच्या झोतात थोडा वेळ पंख मारू दिले, की तो खरोखरच पुन्हा झुंजायला उभा राहतो. पुढच्या प्रयोगांत ऑक्टोपामिनचे ग्राही, म्हणजे पेशींवरच्या ज्या रेणूंना चिकटून ते काम करते ते, औषधाने अडवले, तर उड्डाणाचा हा परिणाम दिसेनासा झाला. उलट त्याच ग्राहींना चेतवणारे औषध दिले, तर न उडताही उमेद परतली.

याची उलटी बाजू हिरव्या चकचकीत अँप्युलेक्स गांधीलमाशीत दिसते. ती झुरळाच्या डोक्यातल्या चेतागुच्छिकांत नांगी खुपसते. झुरळ लुळे पडत नाही. उलथे केले तर सुलटे होते, वाऱ्यात धरले तर पंखही मारते. फक्त आपणहून चालायला निघत नाही. मग गांधीलमाशी त्याच्या मिशीचा तुकडा धरून त्याला बिळाकडे नेते आणि त्याच्यावर अंडे घालते. इस्रायलमधल्या फ्रेडरिक लिबरसाट यांच्या गटाला अशा झुरळांतल्या ऑक्टोपामिनच्या चेतापेशी मंदावलेल्या आढळल्या. २००७ मध्ये त्यांनी डोक्यात ऑक्टोपामिन टोचून झुरळांचे चालणे काही अंशी परत आणले.

आपल्याकडे जनावरांच्या गोचिडांवर वापरतात ते अमिट्राझ हे औषध ऑक्टोपामिनच्या याच ग्राहींवर काम करते. गोचीड कीटक नव्हे, कोळ्यांच्या गोतातला. पण ही यंत्रणा त्याच्याकडेही आहे. ती नको तितकी चेतवली की त्याची पकड सुटते.

२०१७ मध्ये डेट्रॉइटच्या वेसेल्स यांच्या प्रयोगशाळेने स्नायूंचा जोर आणि हालचालीची उमेद हे दोन्ही धागे एकत्र आणले. फळमाशीला खाली पडली की वर चढण्याची उपजत ओढ असते. माश्या ठेवलेल्या नळ्या पुन्हा पुन्हा उचलून खाली आपटणारे यंत्र वापरून त्यांनी माश्यांना आठवडेच्या आठवडे व्यायाम घडवला. नरांचा चढण्याचा वेग आणि दम वाढला, माद्यांचा वाढला नाही. ऑक्टोपामिन नसलेल्या नरांना व्यायामाचा लाभ मिळाला नाही. आणि बसून राहणाऱ्या माश्यांत ऑक्टोपामिनच्या चेतापेशी ठरावीक वेळाने चेतवल्या, तर व्यायामाशिवायही व्यायामाचे फायदे दिसले. तेही नरांइतकेच माद्यांतही.