क्लच घसरणे वेगळे, क्लच न सुटणे वेगळे

ट्रक गॅरेजमध्ये येतो, चालक "क्लच गेला" एवढेच सांगतो आणि मिस्त्री लगेच गिअरबॉक्स उतरवण्याच्या तयारीला लागतो, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्या दोन शब्दांचाच राग येतो. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा आणि तोडणारा क्लच दोन अगदी उलट तऱ्हांनी बिघडतो. पेडल सोडल्यावरही तो घट्ट पकडत नाही, तेव्हा तो घसरतो. पेडल तळापर्यंत दाबल्यावरही तो पूर्ण सुटत नाही, तेव्हा गिअर अडतात. एका बिघाडावरचा उपाय दुसऱ्यावर केला, तर तो नुसता वाया जात नाही, उलट नवा बिघाड उभा करतो.

घसरणारा क्लच बहुतेकांना ओळखता येतो. भरलेला ट्रक नाशिककडे जाताना कसारा घाट चढू लागला की ॲक्सिलरेटर दाबताच आरपीएमचा काटा वर पळतो, वेग मात्र तेवढाच राहतो आणि केबिनमध्ये लायनिंग, म्हणजे क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर, जळल्याचा वास येतो. हे आधी वरच्या गिअरमध्ये आणि ओझ्याखाली जाणवते. लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलेले असते, क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल प्लेटवर आलेले असते किंवा त्या प्लेटला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (फिरत्या जड चाकावर) दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा जोर कमी झालेला असतो, आणि या तिन्ही कारणांसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवय असेल, तर नवी प्लेटही फार दिवस टिकत नाही.

खरा गोंधळ न सुटणाऱ्या क्लचचा आहे. त्याची लक्षणे ट्रक उभा असतानाच दिसतात: रिव्हर्स टाकताना दात करकरतात, पहिला गिअर जोर लावल्याशिवाय जात नाही आणि सिग्नलला पेडल पूर्ण दाबून धरले तरी ट्रक हळूच पुढे सरकू पाहतो. पेडल दाबलेले असतानाही प्लेट फ्लायव्हीलवर घासत राहते, त्यामुळे काही वेळा इथेही जळका वास येतो, आणि त्या वासावरून "घसरतोय" असा निष्कर्ष काढून नवी प्लेट मागवली जाते. उलट गिअर अडतो म्हणून गिअरबॉक्सलाच दोष देणारेही कमी नाहीत.

या दोन्ही चुका पाच मिनिटांत टाळता येतात. प्रथम इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. तेव्हाही अडत असतील, तर दोष गिअर लिव्हरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्सच्या आत आहे. बंद इंजिनावर ते सहज जात असतील आणि सुरू इंजिनावर अडत असतील, तर न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबून आठ-दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच सुटत असेल तर एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लच प्लेटबरोबर फिरणारा दांडा, थांबलेला असतो. तरीही करकर झाली तर तो शाफ्ट अजून फिरतो आहे, म्हणजेच क्लच सुटलेला नाही. चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर करकरत असेल आणि बाकीचे नीट जात असतील, तर मात्र संशय त्या गिअरच्या सिंक्रोनायझरवर (गिअर जोडताना वेग जुळवणाऱ्या भागावर) घ्यावा, क्लचवर नव्हे.

यानंतर पेडल दोन-तीनदा भराभर मारून पाहावे. तसे केल्यावर गिअर जात असेल, तर पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलकडच्या मास्टर अथवा क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरचे रबर गेले आहे. माझ्या डोळ्यांदेखत एका ट्रकची प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही नव्या बसवल्या गेल्या आणि तक्रार तशीच राहिली. स्लेव्ह सिलिंडरच्या टोकावरचा रबरी टोप मी बोटाने मागे सारला, तर आतून ऑइलचा थेंब पुश रॉडवर, म्हणजे सिलिंडरच्या दांडीवर, ओघळला. काढून ठेवलेल्या जुन्या प्लेटचे लायनिंग रिव्हेटच्या डोक्यांवर अजून चांगले जाड होते.

समायोजनाच्या बाबतीत तर मी अजिबात सवलत देत नाही. पेडलला मोकळी चाल, म्हणजे फ्री प्ले, वाजवीपेक्षा जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. ती मुळीच नसेल तर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर सतत टेकून राहते आणि क्लच घसरू लागतो. पुश रॉडचा नट हाताने जुळवायचा असतो त्या गाड्यांत लायनिंग झिजत जाते तशी ही चाल आपोआप कमी होते. त्यामुळे घसरणाऱ्या क्लचचा नट "जरा आणखी आवळून" घेणारा मिस्त्री, उरलीसुरली चाल संपवून, असलेली पकडही घालवतो. गिअर अडतो म्हणून आवळत राहिलेला नटही आठवड्याभरात घाटात वास काढतो. चाल किती ठेवायची हे त्या गाडीच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेले असते; ते मोजपट्टीने मोजावे, तळपायाच्या अंदाजाने नव्हे.

पेडल सोडताना थरथरणारा क्लच आणि पेडल दाबल्यावर घरघरणारे रिलीज बेअरिंग यांत फारसा गोंधळ होत नाही, म्हणून त्यांवर शब्द खर्च करत नाही. पेडलला हवेच्या दाबाची मदत देणारा एअर बूस्टर असलेल्या ट्रकमध्ये मात्र सकाळी हवेचा काटा पुरेसा वर येण्याआधी पेडल जड लागले आणि गिअर अडला, तर त्याला बिघाड समजू नये. टाकीत हवा भरल्यावरही तसेच होत असेल तरच बूस्टर तपासायला घ्यावा. पावसाळाभर जागेवर उभ्या राहिलेल्या ट्रकची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हाही क्लच सुटत नाही. त्या वेळी पेडल कितीही मारले तरी फरक पडत नाही आणि स्लेव्ह सिलिंडरची दांडी मात्र पूर्ण बाहेर येताना दिसते. दांडी पूर्ण येते आहे, फ्री प्ले बरोबर आहे आणि तरी क्लच सुटत नाही, एवढे पाहून झाल्यावर गिअरबॉक्स उतरवायला माझी हरकत नाही.