मोतीबिंदू परत येत नाही, लेन्सही सहसा खराब होत नाही

ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की घरात ठरलेलं वाक्य येतं: ‘मोतीबिंदू परत आला, लेन्स हलक्या दर्जाची घातली असणार.’ पहिलं साफ चूक, दुसरंही बहुतेक वेळा चूक. मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग; तेच काढून टाकल्यावर परत येणार काय?

मागे उरते भिंगाची पातळ पारदर्शक पिशवी. कृत्रिम लेन्स तिच्यातच बसवतात. पिशवीच्या कडेला चिकटलेल्या काही पेशी कितीही साफ केलं तरी उरतात, वाढत पिशवीच्याच मागच्या पडद्यावर सरकतात आणि तो गढूळ होतो. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकतात, वाचताना अक्षरं पुसट दिसतात. तरुणांत आणि मुलांत हे लवकर होतं.

उपाय याग लेझर. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून त्या पडद्यात मधोमध साधारण ३ ते ४ मिलिमीटरची खिडकी पाडतात. चिरा नाही, टाका नाही, काम काही मिनिटांचं. नंतर डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. काही दिवस काळे ठिपके तरंगतात; पण चमका दिसल्या किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा, नेत्रपटल (डोळ्याच्या आत मागे असलेला, प्रतिमा टिपणारा थर, रेटिना) सुटत असू शकतं.

लेझरची घाई मात्र नको. पिशवी उघडल्यावर लेन्स बदलणं अवघड होतं. शिवाय ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात नजर उतरली, त्यातून मधुमेह असेल, तर बऱ्याचदा दोष नेत्रपटलाच्या सुजेचा असतो. तिथे लेझर नाही, आधी ओसीटी, म्हणजे नेत्रपटलाच्या थरांचा स्कॅन. आणि पहिल्या काही दिवसांत दुखून लाल झालेला डोळा ही तातडीची बाब, सकाळपर्यंतही थांबू नये.