चोचीचा पशू कॉक्तोचा नव्हे

काळी पिसं, लांब चोच, पक्ष्याचं डोकं असलेला पशू आणि फोटोखाली ओळ: ‘ज्याँ कॉक्तोचा अजरामर सिनेमा’. ही चूक इतक्या ठिकाणी दिसते की आता संताप येतो. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या परीकथेवर फ्रेंच दिग्दर्शक कॉक्तोने केलेल्या सिनेमातल्या पशूला आयाळ आहे. चोचीचा पशू चेकोस्लोव्हाकियाच्या युराय हेर्त्स या दिग्दर्शकाने त्याच कथेवर केलेल्या सिनेमातला, आणि या दोन सिनेमांमध्ये 32 वर्षं आहेत.

कॉक्तोचा ‘ला बेल ए ला बेत’ (1946) जुन्या सिनेमाच्या बहुतेक चाहत्यांनी पाहिलेला असतो, म्हणून थोडक्यात: कृष्णधवल, आंरी आलकाँचा कॅमेरा, भिंतीतून बाहेर आलेले आणि मेणबत्त्या धरलेले जिवंत हात, आणि पशूसह तीन भूमिकांत अभिनेता ज्याँ मारे. हेर्त्सचा ‘पन्ना आ नेत्वोर’ (1978) रंगीत आहे, पण लक्षात राहतात ते चिखल, धुकं आणि काजळी. लप्रँस द बोमाँ या फ्रेंच लेखिकेची 1756 ची परीकथा दोन्हींच्या मुळाशी आहे. हेर्त्सकडे ती फ्रांतिशेक हृबीन या चेक कवीच्या नाटकातून आली. व्यापारी बाप, तोडलेला गुलाब, स्वार्थी बहिणी दोन्हीकडे आहेत. त्यांची तुलना करत बसण्यात काही हशील नाही.

खरी गफलत पुढे होते. हेर्त्सचा सिनेमा म्हणजे ‘कॉक्तोचीच गोष्ट, जरा भीतिदायक करून’ असं लोक बिनदिक्कत लिहितात. ते साफ चूक आहे, कारण मुलीला पशू कधी दिसतो यावरच दोन्ही सिनेमे वेगळे होतात.

कॉक्तोची बेल पशूला सुरुवातीलाच पाहते आणि बेशुद्ध पडते. त्यानंतर तो रोज संध्याकाळी सात वाजता जेवणाच्या वेळी येतो आणि लग्नाचं विचारतो. तिला त्या चेहऱ्याची सवय होत जाते. पशू शिकार करतो, त्याच्या पंजांतून धूर निघतो, पण तिच्यासमोर त्याला त्याची लाज वाटते. बेलच्या जिवाला धोका आहे असं आपल्याला फार वेळ वाटत नाही.

हेर्त्सच्या यूलियेला मात्र पशूकडे बघायचीच मनाई आहे. तो तिच्या पाठीमागे उभा राहून बोलतो आणि ती त्या आवाजाच्या प्रेमात पडते. आपल्याला मात्र तो पहिल्यापासून दिसतो. धुक्यातल्या जंगलात व्यापारी काफिल्यावर झालेला जीवघेणा हल्ला आपण पाहिलेला असतो. शिवाय त्याच्या आत एक दुसरा आवाज आहे, तोही आपल्यालाच ऐकू येतो. तो आवाज त्याला सतत सांगत राहतो की या मुलीला मारून टाक. त्यामुळे त्यांचा प्रत्येक गोड संवाद आपण श्वास रोखून ऐकतो. प्रेमकथा आणि भयकथा इथे एकाच प्रसंगात चालू असतात, आणि कॉक्तोकडे हे घडत नाही.

म्हणूनच हेर्त्सकडे रूपांतरही वेगळं होतं. कॉक्तोचा पशू शेवटी एका झटक्यात राजपुत्र होतो. इथे बाकी शरीर पशूचंच असताना आधी पंजांचे माणसाचे हात होतात, आणि तो त्या हातांकडे बघत राहतो. मुखवट्यामुळे चेहऱ्यावर भाव दाखवायची सोयच नाही. ही भूमिका करणारा व्लास्तिमिल हारापेस प्रागच्या नॅशनल थिएटरचा बॅले नर्तक होता, आणि सगळा अभिनय त्याच्या खांद्यांत, मानेत, चालीत आहे. मारेच्या मेकअपचं कौतुक करणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

माझी पसंती हेर्त्सला, आणि त्यात मला जराही शंका नाही. कॉक्तोचा सिनेमा जास्त देखणा आहे. पण प्रेमाची किंमत काय असू शकते, हे मला हेर्त्सकडे जाणवतं. फक्त तो ‘परीकथा’ म्हणून लहान मुलांना लावून देऊ नका. ‘स्पालोवाच म्र्त्वोल’ (1969) सारखा प्रेतदहन करणाऱ्या माणसाचा सिनेमा करणारा हाच दिग्दर्शक आहे.

आणखी एक घोळ: याच सुमारास, बरेचसे तेच सेट वापरून, हेर्त्सने ‘देवाते स्र्त्से’ हा दुसरा सिनेमा केला. तरुणांची हृदयं गोळा करणारा ज्योतिषी आणि मेणबत्त्यांनी भरलेलं दालन दिसलं, तर तो फोटो त्या सिनेमाचा आहे.