दोन नकला, एक फरक

आमच्या गावच्या जत्रेत होणाऱ्या मराठी नाटकांच्या जुन्या वह्या मी सवडीनं टाइप करतोय. सगळी नाटकं साध्या मजकुराच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये आहेत. तिची एक नक्कल मडगावला, भाच्याच्या संगणकावर असते. डिचोलीच्या पावसाचा आणि विजेचा भरवसा कोण देणार?

परवा फाइलमध्ये अगदी वर एक राहून गेलेली नांदी घातली. बारा ओळी. म्हणजे मडगावला बाराच ओळी जायला हव्यात, पण हे संगणकाला कळावं कसं? जुनी फाइल तिकडे, नवी इकडे. शेजारी ठेवून ताडायच्या तर आधी एक अख्खी पाठवावी लागणार, आणि तेच तर टाळायचंय.

ठरावीक लांबीचे तुकडे पाडून पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी ताडला तर? कदंबच्या बसमध्ये पुढच्या सीटवर नवा माणूस बसला आणि मागचे सगळे एकेक सीट सरकले, की नंबरवारी मोजणाऱ्याला अख्खी बस बदललेली दिसेल. नांदीनं तेच होतं.

यातून वाट काढली ती अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला. १९९६ साली त्यांचा ‘आरसिंक’ आला. आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम, दिसायला अगदी रुक्ष. मडगावचा संगणक आपल्या जुन्या फाइलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकाच्या मजकुरावरून काढलेल्या दोन खुणा, म्हणजे दोन आकडे, पाठवतो: एक कच्ची, झटपट निघणारी, ३२ बिटांची, दुसरी पक्की, मूळ रचनेत १२८ बिटांची. डिचोलीचा संगणक नव्या फाइलवर तेवढ्याच लांबीची चौकट ठेवून ती एकेक बाइट सरकवत जातो. कच्ची खूण जुळली तरच पक्की काढायची.

खरी गंमत या कच्च्या खुणेत आहे. संगणकाला प्रत्येक बाइट म्हणजे एक आकडाच; समजा चौकटीत ३, ८, २, ५ आहेत. बेरीज १८. पण क्रम उलटा केला तरी १८च, म्हणून दुसरी बेरीज वजन देऊन: ४×३ + ३×८ + २×२ + १×५ = ४५. आता चौकट सरकली, ३ गेला, ७ आला. पहिली बेरीज १८ − ३ + ७ = २२. दुसरी ४५ − ४×३ + २२ = ५५. पडताळून पाहा. चौकट हजार बाइटांची असली तरी काम एवढंच.

नांदी ओलांडली की चौकट जुन्या तुकड्यावर अचूक बसते. मग मडगावला निरोप जातो: या बारा ओळी घे, पुढचं तुझ्याकडचंच लाव. तिकडे नवी फाइल बाजूला जुळते आणि पुरी झाल्यावरच जुनीच्या जागी बसते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुनी नक्कल शाबूत.

झिप केलेल्या फाइलींवर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. एक अक्षर बदललं तरी तिथून पुढचे बाइट बहुधा वेगळेच होतात.

आणि आरसिंकचा ‘डिलीट’ हा पर्याय जपून. मूळ ठिकाणी नसलेलं सगळं तो दुसरीकडूनही पुसतो. एकदा पेनड्राइव्ह लावायला विसरलो आणि रिकाम्या फोल्डरवरून आज्ञा सोडली. आरसिंकनं रिकाम्याची हुबेहूब नक्कल केली. भाच्याचा फोन: “मामा, नाटकां खंय गेलीं?”

तेव्हापासून आधी ‘एन’ आणि ‘व्ही’ हे पर्याय लावून तालीम घेतो. काय जाणार, काय पुसलं जाणार याची यादी पडद्यावर येते, फाइलींना हात लागत नाही.